पडद्यावरचा वाचक आणि कपाटातले पुस्तक

प्रति,
मुंबई उपनगर जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे व ग्रंथपाल

विषय: मराठी लेखकांचा समाजमाध्यमांवरील वावर आणि त्यातील ग्रंथालयांचा वाटा



मराठी लेखकाने नव्या पुस्तकाची वार्ता फेसबुकवर दिली की तासाभरात तिच्याखाली अभिनंदनाची रांग लागते, आणि त्या रांगेत अधूनमधून एखादा ‘कुठे मिळेल?’ असे विचारणारा असतो. अभिनंदन करणारे संख्येने कितीतरी अधिक असतात व लेखकाला ते सुखावतात. परंतु पुस्तकाच्या दृष्टीने कामाचा माणूस हा विचारणाराच असतो, कारण त्याच्या प्रश्नामागे पुस्तक हातात घेण्याची इच्छा असते आणि ती इच्छा फार वेळ टिकणारी नसते. लेखक त्याला प्रकाशकाचा क्रमांक देतो, किंवा एखाद्या विक्रीस्थळाचा दुवा देतो, किंवा ‘लवकरच सर्वत्र उपलब्ध’ असे मोघम उत्तर देऊन मोकळा होतो. विचारणारा बोरिवलीत असतो, प्रकाशक पुण्यात असतो, टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या मानाने जड वाटतो, आणि दरम्यान पडद्यावर दुसरे काहीतरी आलेले असते. याच पुस्तकाची एक प्रत त्या वाचकाच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या नव्या खरेदीच्या कपाटात असण्याचा संभव असतो, मात्र ते त्याला ठाऊक नसते, लेखकालाही ठाऊक नसते, आणि ग्रंथालयाने ते कोणाला सांगितलेलेही नसते.

लेखकांनी समाजमाध्यमांचा उपयोग वाचक मिळवण्यासाठी कसा करावा, या विषयावर सध्या जो उपदेश होतो तो सगळा लेखकाला उद्देशून असतो. रोज लिहावे, चित्रफिती कराव्यात, अनुयायी वाढवावेत, असे त्याचे स्वरूप असते. त्यातला काही भाग योग्य आहे व त्याचा विचार पुढे केला आहे. तथापि समाजमाध्यम, म्हणजे ज्यावर सामान्य वापरकर्ताच मजकूर निर्माण करतो, तोच तो इतरांकडे पोचवतो आणि त्यावर बोलतो असे इंटरनेटवरील व्यासपीठ, हे वाचकाला पुस्तकाची ओळख करून देऊ शकते, पुस्तक त्याच्या हाती ठेवू शकत नाही. ओळख आणि उपलब्धता यांच्यामधली ही फट लेखक एकट्याने बुजवू शकत नाही, आणि म्हणूनच हे पत्र लेखकांना न लिहिता ग्रंथालयांना लिहिले आहे.

वाचक शोधत जाणे ही मराठी लेखनव्यवहारात नवी गोष्ट नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा सणाच्या निमित्ताने घराघरात वाचन पोचवण्याची जी युक्ती त्यांनी साधली तिच्यावर मराठी नियतकालिके आजही उभी आहेत. केशवराव कोठावळे यांनी 1964 साली ‘ललित’ मासिक सुरू केले ते पुस्तकांविषयी बोलण्यासाठीच, आणि पुढे विलेपार्ल्यात ‘मॅजेस्टिक गप्पां’च्या निमित्ताने लेखक श्रोत्यांसमोर बसू लागले. ‘ग्रंथाली’ने 1974 साली स्वतःला प्रकाशन संस्था म्हणवून न घेता वाचक चळवळ म्हणवून घेतले, हे या संदर्भात विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आधी सभासद वाचकांचा समुदाय उभा करायचा आणि मग त्या समुदायाच्या बळावर सवलतीच्या दरात पुस्तके काढायची, असा तो उलटा क्रम होता. दया पवार यांचे ‘बलुतं’ 1978 साली या चळवळीतून आले, आणि जे आत्मकथन रूढ वितरणाच्या वाटेने कदाचित मोजक्या वाचकांपर्यंतच गेले असते ते महाराष्ट्रभर चर्चेचा विषय झाले.

उपनगरांपुरते बोलायचे तर याहून ठळक उदाहरण घाटकोपरचे आहे. अण्णा भाऊ साठे चिरागनगरच्या झोपडपट्टीत वर्षानुवर्षे राहिले, आणि ‘फकिरा’चा लेखक म्हणून त्यांचे नाव होण्याच्या कितीतरी आधी कामगार वस्त्यांत त्यांचे नाव झाले होते ते शाहीर म्हणून. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह 1944 साली उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकातून त्यांचे पोवाडे, लावण्या आणि लोकनाट्ये गिरणगावापासून उपनगरांतील चाळींपर्यंत पोचली. ज्या श्रोत्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापुढे हा लेखक आवाजाच्या रूपाने आधी गेला आणि छापील पानाच्या रूपाने नंतर गेला. ‘फकिरा’ ही कादंबरी 1959 साली प्रसिद्ध झाली आणि 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तोवर तिच्या लेखकाची भाषा, तिचा ठेका आणि तिचा राग लोकांच्या कानात मुरलेला होता. कलापथक हे अण्णा भाऊंनी पुस्तकाच्या जाहिरातीसाठी काढले नव्हते, हे उघड आहे. ते राजकीय कार्य होते आणि त्याचा वाचकसंख्येशी हिशोब मांडणे त्या कार्याचा अपमान ठरेल. तरीही लेखक आणि लोक यांच्यातील संबंध पुस्तकाच्या आधी तयार होऊ शकतो, आणि तो आवाजाने, वारंवार भेटीने व लोकांच्या स्वतःच्या विषयांनी तयार होतो, हे त्या उदाहरणातून दिसते. आजच्या समाजमाध्यमांबाबत याहून अधिक उपयुक्त पाठ एखाद्या विपणन-पुस्तकात सापडेल असे वाटत नाही.

मराठी लेखन संगणकाच्या पडद्यावर आले त्यालाही आता तीन दशके होत आली आहेत. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ 1996 पासून चालू आहे. त्यानंतर ब्लॉग, म्हणजे ज्याने त्याने स्वतःपुरती चालवलेली लेखनवही, हा प्रकार रुजला, आणि ‘रेषेवरची अक्षरे’सारख्या उपक्रमाने अशा वह्यांमधले निवडक लेखन दिवाळी अंकाच्या रूपात एकत्र आणले. मनस्विनी लता रवींद्र यांच्या ‘ब्लॉगच्या आरशापल्याड’ या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा ब्लॉग हा शब्द मराठी पुस्तकाच्या नावात जाऊन बसण्याइतका घरचा झाला होता. ई साहित्य प्रतिष्ठानने विनामूल्य ई-पुस्तके वाचकांपर्यंत पोचवली, बुकगंगाने पुस्तकाची पहिली काही पाने चाळून पाहण्याची सोय दिली, आणि डिसेंबर 2016 मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आली. या सगळ्या वाटांवर वाचक काहीतरी वाचायचेच या हेतूने येत असे. 2020 च्या जुलैमध्ये भारतात इन्स्टाग्रामवर रील, म्हणजे सेकंदांत मोजता येणारी उभी चित्रफीत, सुरू झाली, आणि वाचनाचा कोणताही हेतू नसलेल्या माणसासमोर लेखकाला उभे राहण्याची वेळ आली.

हा फरक लेखकांनी नीट समजून घेतलेला नाही. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडल्यावर कोणाला काय आणि कोणत्या क्रमाने दिसावे हे अल्गोरिदम ठरवतो. अल्गोरिदम म्हणजे नियमांची अशी गणिती मालिका, जी प्रत्येक वापरकर्त्याच्या पूर्वीच्या वागण्यावरून तो पुढे कशावर थांबेल याचा अंदाज बांधते. या अंदाजात मजकुराच्या गुणवत्तेला जागा नसते. माणूस किती वेळ थांबला, त्याने काही लिहिले का, ते दुसऱ्याला पाठवले का, हेच प्रामुख्याने पाहिले जाते. व्यासपीठ चालवणाऱ्या कंपनीचे हित वापरकर्त्याने बाहेर न जाण्यात असल्यामुळे बाहेरच्या विक्रीस्थळाकडे नेणारा दुवा तिला प्रिय असण्याचे कारण नाही. इन्स्टाग्रामवरील चित्राखालच्या मजकुरात दिलेला दुवा तर दाबूनही उघडत नाही. याचा सरळ अर्थ असा की ‘माझे पुस्तक प्रसिद्ध झाले आहे, अवश्य घ्या’ ही पोस्ट या व्यवस्थेत सर्वात दुबळी ठरते, आणि मराठी लेखक बहुतेक वेळा नेमकी तीच करतात. तिच्याखाली जमणारी मंडळी बहुशः इतर लेखक असतात, आणि त्यांनीही परतफेडीची अपेक्षा ठेवूनच हजेरी लावलेली असते. वाचायला दोन मिनिटे लागणाऱ्या कवितेखाली दहाव्या सेकंदाला ‘अप्रतिम’ उमटते, तेव्हा त्या शब्दाची किंमत काय करायची हे ज्याने त्याने ठरवावे.

जे लेखन या माध्यमात टिकते त्याचा बाज निराळा असतो. कविता तिच्या लहान आकारामुळे येथे सहज बसते. रूपी कौर या पंजाबी वंशाच्या कॅनेडियन कवयित्रीने 2014 साली स्वखर्चाने काढलेला संग्रह 2015 साली एका अमेरिकी प्रकाशकाने घेतला, तो इन्स्टाग्रामवर जमलेल्या वाचकांच्या बळावर. मराठीत मधुराणी प्रभुलकर यांच्या ‘कवितेचं पान’ने यूट्यूबवर कवींना आणि त्यांच्या कवितांना नवा श्रोता मिळवून दिला. कादंबरीचे तसे नाही. तिचा एक परिच्छेद तोडून दाखवला तर तिची ताकद कळत नाही आणि सगळी दाखवता येत नाही. मुंबईचे अमीश त्रिपाठी यांनी 2010 साली पहिल्या कादंबरीच्या वेळी पहिले प्रकरण स्वतंत्र छापून दुकानांमधून फुकट वाटले आणि यूट्यूबवर तिची चित्रपटासारखी झलक टाकली. त्या काळी ही युक्ती नवी होती; पण तिच्यातला न जुना होणारा भाग म्हणजे वाचकाला एक प्रकरण पुरते वाचायला देणे हा होय. आठ ओळींचे अवतरण सुंदर पार्श्वभूमीवर चिकटवण्यापेक्षा पहिले प्रकरण नीट वाचता येईल अशा स्वरूपात खुले ठेवणे केव्हाही श्रेयस्कर.

येथे आणखी एक परदेशी उदाहरण उद्बोधक आहे. कॉलीन हूव्हर या अमेरिकी लेखिकेची ‘इट एंड्स विथ अस’ ही कादंबरी 2016 साली आली आणि तिची लाट उसळली ती सुमारे पाच वर्षांनी, टिकटॉकवर तरुण वाचकांनी तिच्याविषयी बोलायला सुरुवात केल्यावर. भारतात टिकटॉकवर 29 जून 2020 रोजी बंदी आली, त्यामुळे ती लाट त्या रूपात इकडे पोचण्याचा प्रश्न नव्हता. परंतु पुस्तक चालवले ते लेखिकेने नव्हे, वाचकांनी, ही बाब येथेही लागू पडते. लेखकाने स्वतःविषयी बोलणे कमी करून वाचकांना बोलायला जागा करून द्यावी. वाचकाने पाठवलेली दोन ओळींची तक्रारसुद्धा, त्याच्या परवानगीने, आपल्या भिंतीवर मांडावी आणि तिला सविस्तर उत्तर द्यावे. मराठीत प्रतिकूल अभिप्राय खासगी निरोपात देण्याची आणि अनुकूल तेवढा चारचौघांत देण्याची रीत आहे, त्यामुळे जाहीर चर्चा गोड आणि निष्प्राण होते.

मराठी वाचकाचे खरे माध्यम मात्र व्हॉट्सॲप आहे, आणि त्याचा विचार सर्वात कमी झाला आहे. सोसायटीचा गट, शाळेच्या तुकडीचा गट, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा गट, नातेवाइकांचा गट अशा गटांमधून मराठी ललित मजकूर जितका फिरतो तितका क्वचितच अन्य कोठे फिरत असेल. दुर्दैव असे की तो फिरता फिरता लेखकाचे नाव गळून पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्यावर वपुंचे किंवा पुलंचे नाव चिकटते. एखाद्या हयात लेखिकेचा लेख तिलाच ‘अज्ञात’ या नावाने परत येतो. प्रतिलिपी अधिकार कायदा, 1957 याच्या कलम 57 नुसार लेखकाला आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा स्वतंत्र हक्क आहे व तो आर्थिक हक्क विकल्यानंतरही उरतो; परंतु चुलतभावाच्या गटात आलेल्या संदेशावर कोणी दावा लावायला जात नाही. येथे उपाय कायद्याचा नसून मांडणीचा आहे. लेखकाने नाव शेवटच्या ओळीत टाकू नये, कारण कापली जाते ती शेवटचीच ओळ. ते मजकुराच्या पहिल्या वाक्याच्या आसपास, शक्य तर वाक्यात गुंफून यावे, आणि चित्ररूपात पाठवायचे असेल तर कोपऱ्यात न येता मजकुराच्या पोटात यावे. भारतात 2018 पासून एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येतो आणि 2020 पासून वारंवार ढकललेला संदेश एकाच ठिकाणी, त्यामुळे ‘जास्तीत जास्त गटांत पाठवा’ ही विनवणी आता तांत्रिकदृष्ट्याही निरर्थक झाली आहे. त्याऐवजी ज्या वाचकांनी आपणहून क्रमांक दिला आहे त्यांची प्रसारण यादी करावी. प्रसारण यादी म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय. एका यादीत 256 जण मावतात, आणि ज्याने लेखकाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो संदेश मिळतो. ही अट अडचणीची वाटते, पण वस्तुतः ती वाचक आणि बघे यांना वेगळे करणारी उत्तम चाळणी आहे.

अशी यादी लेखकाच्या स्वतःच्या वहीतही असली पाहिजे. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले आणि त्यावर मराठी कवितेचे, पुस्तकांचे, जुन्या गाण्यांचे जे समुदाय नांदत होते ते विस्कटले. भाड्याच्या जागेत संसार थाटणाऱ्याने सामानाची यादी आपल्याजवळ ठेवावी, इतकेच.

आता उपनगरांच्या भूगोलाकडे वळणे आवश्यक आहे, कारण समाजमाध्यमामुळे अंतर नाहीसे होते असे जे म्हटले जाते ते पुस्तकांच्या बाबतीत खरे ठरत नाही. 2011 च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 93 लाखांहून अधिक होती, पण हा जिल्हा एकसंध नाही. बोरिवली आणि मुलुंड नकाशावर एकाच राष्ट्रीय उद्यानाच्या दोन कडांना आहेत, तरी बोरिवलीचा माणूस एखाद्या पुस्तकासाठी मुलुंडला जात नाही; पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वेमार्गांनी उपनगरांचे दोन वेगळे समाज केले आहेत. 8 जून 2014 रोजी सुरू झालेल्या मेट्रोने अंधेरी आणि घाटकोपर यांना जोडले, हा त्याला एक ठळक अपवाद. संध्याकाळच्या गाडीत उभ्याने प्रवास करणारा एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरतो, अंगठ्याने चित्रफिती सरकवतो, आणि त्याच्या मनात एखाद्या पुस्तकाविषयी कुतूहल निर्माण झालेच तर ते ज्या स्थानकावर तो उतरणार आहे त्या स्थानकाबाहेर पुरे व्हायला हवे. म्हणून उपनगरी लेखकाने महाराष्ट्रभरच्या अदृश्य अनुयायांमागे धावण्याआधी आपल्या स्थानकाच्या आसपासच्या वाचकांचा विचार करावा. चिरागनगर, गोराई, मरोळ, नाहूर यांच्याविषयी काही नेमके लिहिले तर त्या भागातील स्थानिक गटांमध्ये ते आपोआप फिरते, कारण माणसाला स्वतःच्या गल्लीचे नाव छापील किंवा डिजिटल मजकुरात वाचायला आवडते. त्या लेखनाखाली ‘हे पुस्तक अमुक ग्रंथालयात आहे’ अशी एक ओळ असणे, हा या पत्राचा मुख्य आग्रह आहे.

आवाजाचा प्रश्नही याच भूगोलाशी निगडित आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे मराठी घरांतील मोठी तरुण पिढी इंग्रजी माध्यमात शिकलेली आहे. ती मराठी अस्खलित बोलते, नाटकाला हसते, पण सलग देवनागरी पान पाहिले की अडखळते. शेजारच्या गुजराती घरांतही मराठी समजते, वाचली जात नाही. या सर्वांपर्यंत लेखक दोन मिनिटांच्या वाचनातून पोचू शकतो. अशा वाचनासाठी पार्श्वसंगीताची, प्रकाशयोजनेची किंवा लेखकाने नट होण्याची गरज नाही. शब्द स्वच्छ ऐकू यावेत, मजकूर खाली देवनागरीत उमटत जावा आणि तुकडा अशा जागी संपावा की पुढचे वाक्य हवेसे वाटेल, एवढे पुरे. ऐकता ऐकता डोळे अक्षरांवरून फिरू लागतात, हा त्याचा लाभ. मात्र स्वतःच्याच लेखनाचे वाचन करावे. दुसऱ्याची कथा संपूर्ण वाचून चित्रफीत टाकणे हे, हेतू कितीही प्रेमळ असला तरी, हक्कधारकाच्या परवानगीवाचून करता येत नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हा हक्क अबाधित असतो.

एका तांत्रिक बाबीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. अनेक मराठी पुस्तके अद्याप श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या प्रणालींच्या जुन्या टंकांत जुळवली जातात. अशा टंकात पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी तो भलत्याच चिन्हाचा सांकेतिक अंक असतो. तो मजकूर फेसबुकवर चिकटवला तर अर्थहीन खुणांची रांग उमटते, आणि शोधयंत्रालाही त्यातले काही सापडत नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक वर्णाला जगभर एकच अंक देणारी पद्धती. पुस्तकाचा मजकूर या पद्धतीत उपलब्ध नसल्यामुळे लेखक पानाचे छायाचित्र काढून टाकतो, आणि ते सुंदर दिसले तरी उद्या त्यातला एखादा शब्द आठवून कोणी शोधू लागले तर ते सापडत नाही. प्रकाशकाशी करार करतानाच अंतिम मजकुराची युनिकोड प्रत मागून घेणे, हे दहा चित्रफितींहून मोलाचे काम आहे.

ग्रंथालयांकडे या संपूर्ण व्यवहारात जे आहे ते दुसऱ्या कोणाकडेही नाही. विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ 1923 सालचा, त्याचे श्री. वा. फाटक ग्रंथसंग्रहालय पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना पुस्तके देत आले आहे. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाचे न. चिं. केळकर ग्रंथालय त्या उपनगराचे वाचनकेंद्र आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 खाली मान्यता मिळालेल्या लहानमोठ्या ग्रंथालयांकडे सभागृह किंवा निदान एक खोली, वर्गणीदारांची नोंदवही, आणि देवघेव खिडकीवर बसणारा, कोण काय वाचतो हे तोंडपाठ असलेला कर्मचारी असतो. ज्या माहितीसाठी मोठमोठ्या कंपन्या अल्गोरिदम चालवतात ती माहिती या खिडकीवर माणसाच्या डोक्यात असते. तरीही बहुसंख्य ग्रंथालयांचे समाजमाध्यमांवरील अस्तित्व म्हणजे पुण्यतिथीचे फलक, हारतुऱ्यांची छायाचित्रे आणि वार्षिक सभेची सूचना. नव्या पुस्तकांची यादी सूचनाफलकावर टाचणीने लावलेली असते आणि जिना चढून येणाऱ्यालाच दिसते.

ती यादी दर महिन्याला देवनागरीत, युनिकोडमध्ये, लेखकाच्या नावाचा उल्लेख जोडून ग्रंथालयाच्या पानावर टाकली, तर लेखकाला ‘कुठे मिळेल?’ या प्रश्नाचे उत्तर आयते मिळते आणि तो ती नोंद आपल्या वाचकांकडे आनंदाने पाठवतो. एवढ्याने सुरुवात होते. पुढे परिसरातील लेखकाला महिन्यातून एका संध्याकाळी बोलावून, व्यासपीठ आणि पुष्पगुच्छ वगळून, वाचकांसमवेत गोल बसवता येईल. त्या गप्पांचे दोन-तीन छोटे तुकडे त्याच्या संमतीने प्रसृत करता येतील. आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावर क्यूआर कोड, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याने वाचता येणारी चौकटींची खूण, चिकटवून त्या तुकड्यांकडे नेता येईल. खर्च नगण्य आहे. अडचण आहे ती वयाची आणि मानसिकतेची. अनेक कार्यकारी मंडळांना समाजमाध्यम हा पोरखेळ वाटतो आणि ज्या तरुणांना तो येतो ते मंडळावर नसतात. त्यांना मंडळावर घेणे, निदान पान सांभाळण्याचे काम विश्वासाने त्यांच्याकडे सोपवणे, यावाचून मार्ग नाही.

यावर असा आक्षेप येईल की समाजमाध्यम लेखकाचा वेळ खाते, मन विचलित करते आणि प्रसंगी त्याच्यावर झुंडी घालते. आक्षेप खोटा नाही. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्या कादंबरीविरुद्ध गावात पेटलेल्या रोषानंतर त्यांनी जानेवारी 2015 मध्ये लेखनसंन्यासाची घोषणा केली ती फेसबुकवरच, आणि जुलै 2016 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिल्यानंतर ते पुन्हा लिहिते झाले. ज्या माध्यमातून वाचक जमतो त्यातूनच जमावही जमू शकतो. परंतु झुंड येते तेव्हा एकटा सापडलेला लेखक आणि ज्याच्यामागे परिसरातले ग्रंथालय व त्याचे वाचक उभे आहेत असा लेखक, यांच्या स्थितीत फरक असतो. वेळ खाण्याच्या तक्रारीला उत्तर सोपे आहे: आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, विचारपूर्वक लिहिणे पुरेसे आहे. रोज दिसले पाहिजे हा दंडक कंपन्यांच्या सोयीचा आहे, साहित्याच्या नव्हे.

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, आणि ग्रंथालयांमध्ये तो ठरलेल्या भाषणांनी साजरा होतो. येत्या वाचन प्रेरणा दिनी प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या स्थानकाच्या परिसरात राहणाऱ्या मराठी लेखक-लेखिकांची यादी करावी, त्यांची कोणती पुस्तके आपल्या कपाटात आहेत व कोणती नाहीत हे तपासावे, जी नाहीत ती खरेदीच्या पुढच्या यादीत घालावीत, आणि जी आहेत त्यांची माहिती त्याच दिवशी समाजमाध्यमावर लेखकांच्या नावांसह जाहीर करावी, अशी कार्यकारी मंडळांना नम्र विनंती आहे.